पगार कारखान्याचा, कणगी शेतकऱ्याची

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आज बोलणारे पुष्कळ आहेत. मी जरा वेगळं बोलणार आहे. कापूस शिवाराबाहेर जातो, त्याचं सूत होतं, कापड होतं, शेवटी सदरा होतो. तो सदरा शिवणाऱ्या पोरीच्या हातात महिन्याला काय पडतं? आणि ते कोण ठरवतं?

त्यासाठी तुम्हाला आफ्रिकेत नेतो. इथिओपिया आणि केनिया हे दोन शेजारी देश. दोन्हीकडे कापूस पिकतो, दोन्हीकडे ज्वारी होते, आणि पावसानं डोळे वटारले की दोन्हीकडे घरात चूल पेटत नाही. केनियानं २०१९ साली बीटी कापसाला परवानगी दिली, ते बियाणं आपल्या जालन्याच्या महिकोचं. म्हणजे अगदीच परक्या गावाची गोष्ट नाही.

अमेरिकेनं २००० साली एक कायदा केला. आफ्रिकेतल्या ठरावीक देशांतून येणाऱ्या कपड्यांना जकात माफ. मग परदेशी कंपन्या तिथं शिवणयंत्रं घेऊन गेल्या. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं २०१९ साली मूळ पगाराचा हिशेब मांडला. केनियात महिन्याला २०७ डॉलर. इथिओपियात २६ डॉलर. त्या वेळच्या रुपयात एकीकडे साडेचौदा हजार, दुसरीकडे अठराशे. सदरा तोच, यंत्र तेच, दुकान अमेरिकेचं. मजुरीत फरक आठपट!

हा फरक आला कुठून? केनियात किमान वेतनाचा कायदा आहे. सरकार राजपत्रात दर छापतं, आणि बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्ष १ मे रोजी वाढ जाहीर करतात. इथिओपियात खाजगी कारखान्यांना असा दरच नव्हता. २०१९ च्या नव्या कामगार कायद्यात वेतन मंडळाची तरतूद झाली, पण त्यानंतर वर्षं उलटली तरी दर जाहीर झाला नाही.

आता कुणी म्हणेल, इथिओपियात कायदाच नाही. तसं नाही. कागदावर आठवड्याला ४८ तास काम, जादा कामाला दीडपट मजुरी, बाळंतपणाला १२० दिवसांची रजा. केनियात ही रजा तीन महिन्यांची आणि आठवडा ५२ तासांपर्यंत. कागद बघाल तर इथिओपिया पुढे! पण १२० दिवसांची रजा घ्यायला आधी पोरगी कामावर टिकायला तर हवी.

आणि ती टिकत नव्हती. हवासा नावाच्या शहरात २०१६ साली सरकारनं मोठी उद्योगवसाहत उघडली. परदेशी कंपन्यांना सांगितलं, या, इतका स्वस्त मजूर दुसरीकडे मिळणार नाही. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या तरुण पोरी कामाला आल्या. मूळ पगार ७५० बिर. तेवढ्यात खोलीचं भाडंही एकटीला पेलेना. तिघीचौघी एका खोलीत राहायच्या. वर्षभरात कारखान्यातली जवळजवळ सगळी माणसं बदलून जात.

मालक म्हणाले, या पोरींना कामाची शिस्त नाही. हे ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्या सालदाराबद्दल आपणही हेच बोलतो.

पण ब्लॅटमन आणि डेरकॉन या दोन अभ्यासकांनी इथिओपियातल्याच पाच कारखान्यांत आधी हे तपासलं होतं. अर्ज केलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. काहींना नोकरी दिली. काहींना नोकरीऐवजी पाच दिवसांचं धंद्याचं शिक्षण आणि सुमारे ३०० डॉलर रोख दिले. काहींना काहीच नाही. वर्षानं पाहिलं, तर नोकरी मिळालेल्यांची कमाई काहीच न मिळालेल्यांपेक्षा जास्त नव्हती, दुखणी मात्र वाढली होती. बहुतेकांनी नोकरी सोडली होती. रोख मिळालेल्यांची कमाई तिसऱ्या हिश्शानं वाढली. पाच वर्षांनी तिन्ही गट पुन्हा सारखे झाले, हेही सांगितलं पाहिजे. पण शिस्तीचा प्रश्न नव्हता. पोरी हिशेब करत होत्या. घरच्या कामात, बाजारात तेवढंच मिळतं, तर श्वास कोंडून यंत्रावर का बसायचं?

आणि ज्या राहिल्या, त्यांचं २६ डॉलरात कसं भागलं? विचार करा. त्या भागात एन्सेट नावाचं केळीसारखं झाड असतं, त्याच्या गराची भाकरी करतात. जी पोरगी पगारात जगू शकत नाही, तिच्या पोटाला कमी पडेल ते तिच्या बापाचं शेत घालतं. पगार कारखान्याचा, कणगी शेतकऱ्याची. स्वस्त मजूर म्हणजे दुसरं काही नाही. त्याला खाऊ घालण्याचा खर्च कुणीतरी फुकट उचलतो.

बरं, एवढं स्वस्त राबून नोकऱ्या तरी राहिल्या का? २०२० साली त्या देशात युद्ध पेटलं. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेनं जकातमाफी काढून घेतली. हवासातला सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक त्याआधीच गाशा गुंडाळून गेला होता. मजुरी वाढली म्हणून कुणी गेलं नाही. मजुरी कमी म्हणून कुणी थांबलंही नाही.

मग केनियासाठी टाळ्या वाजवायच्या? थोडं थांबा. २०२४ च्या नोव्हेंबरचे तिथले दर बघा. नैरोबी शहरातल्या साध्या मजुराला महिन्याला १६,११३ शिलिंग. शेतातल्या साध्या मजुराला ७,९९७. सरकारी राजपत्रानंच शेतमजुराची किंमत शहरातल्या मजुराच्या निम्मी ठरवली! आणि दहातली आठ माणसं ज्या धंद्यांत आहेत, तिथं राजपत्र पोचतच नाही. त्यांना तिकडे ‘जुआ काली’ म्हणतात. अर्थ काय? कडक ऊन. उन्हात राबणारे.

केरिचोच्या चहामळ्यांत दर होता, संघटना होती. मग मळेवाल्यांनी पानं खुडायची यंत्रं आणली. २०२३ च्या मे महिन्यात लोकांनी ती यंत्रं जाळली. दर राहिला कागदावर, काम गेलं.

भावांनो, यातून मला दोन गोष्टी दिसतात. कायदा नसेल तर मजुरी कुठवर घसरते, ते हवासानं दाखवलं. म्हणून किमान वेतनाला शेतकऱ्यानं नाक मुरडू नये. आपलीच पोरं उद्या त्या यंत्रावर बसणार आहेत. पण नुसत्या कायद्यानं शेतातला मजूर शहरातल्या मजुराच्या बरोबरीला येत नाही, ते केनियानं दाखवलं. ज्या शेतात घामाची किंमत मालाच्या भावात धरली जात नाही, तिथं मजुराला द्यायचं कुठून? वेचणीवाली बाई आणि शेतकरी यांचं भांडण लावून देणं सोपं आहे. दोघांच्या हातात कमी का पडतं, हे विचारणं अवघड.

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. वही काढा. यंदा निंदणीला, फवारणीला, वेचणीला बाहेरचे मजूर किती लागले ते तुम्ही लिहिलंच असेल. त्याखाली घरच्या माणसांचे दिवस लिहा. मायमाउलीचे आधी लिहा. त्या प्रत्येक दिवसापुढे गावातली चालू मजुरी मांडा आणि बेरीज करा.

पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. ‘आमच्याकडे मजूर स्वस्त आहे’ असं जो सांगेल, त्याच्यापुढे आपण ती उघडून ठेवू.