सभागृहावाचून सभा

कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरवावयाची म्हणजे पूर्वी मोठी धांदल असे. सभागृह ठरवावयाचे, खुर्च्या मांडावयाच्या, आलेल्या भागधारकांच्या चहाफराळाची तजवीज करावयाची. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ही सभा सामान्यतः नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावी भरवावी लागे. वडोदऱ्याच्या लहान भागधारकाला मुंबईची सभा गाठावयाची तर भाडे आणि रजा दोन्ही खर्ची पडत. बहुतेक जण घरीच राहत.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. सभा भरवावी तर रोगाचे भय, न भरवावी तर कायद्याचा भंग. तेव्हा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ५ मे २०२० रोजी परिपत्रक काढून दृक्‌श्राव्य साधनांनी ही सभा घेण्यास मुभा दिली. १५ जुलै २०२० रोजी रिलायन्सची सभा याच रीतीने झाली. त्यापूर्वी ती मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागारात भरत असे.

त्याबरोबर योजकांच्या कामाचे स्वरूपच पालटले. खुर्च्यांऐवजी जोडण्या मोजाव्या लागल्या. मोठ्या कंपन्यांनी किमान १००० सभासदांची सोय करावी, सभेपूर्वी १५ मिनिटे प्रवेश खुला करावा, संपूर्ण कामकाजाची नोंद जपून ठेवावी, असे दंडक आले. सभासद घरबसल्या हजर राहू शकत असल्याने आपल्याऐवजी दुसऱ्यास पाठविण्याची प्रॉक्सीची पद्धत अशा सभांपुरती बाजूस ठेवण्यात आली.

अंतर मिटले, हा लाभ लहानसहान नव्हे. परंतु सभागृहात एखादा भागधारक उभा राहून अडचणीचा प्रश्न विचारी, तेव्हा मागच्या रांगांतील कुजबुज अध्यक्षांच्याही कानी जाई. पडद्यावरच्या सभेत ही कुजबुज नाही. कोणाचा ध्वनिक्षेपक कधी खुला करावयाचा, हे योजकाच्या हाती असते. प्रश्न आगाऊ लिहून पाठविण्याची सोय चांगलीच. पण त्यांतील कोणते वाचावयाचे आणि कोणते मागे ठेवावयाचे, हेही तोच ठरवू शकतो.

म्हणून सभेची आखणी करताना यंत्राच्या चाचणीइतकीच प्रश्नोत्तरांच्या वेळेची काळजी घेतली पाहिजे. आलेले सर्व प्रश्न सभेपुढे मांडावेत. वेळ अपुरा पडल्यास उरलेल्यांची लेखी उत्तरे सर्व भागधारकांस द्यावीत. भागधारक हा कंपनीचा अंशतः का होईना, मालक आहे. त्याला पडद्यावर नुसते बसवून ठेवल्याने सभा होत नाही. त्याचे म्हणणे ऐकले गेले, तरच ती सभा.