शेडमधली मांडणी

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला काही भाषण करता येत नाही. अध्यक्षताई म्हणाल्या, "तुम्ही घरामागच्या शेडात मांडणी केलीत ना, तेच सांगा." म्हणून उभी राहिले.

आपापली शेड डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात विळे-खुरपी, ठिबकच्या नळ्या, खताची अर्धी पिशवी, फवारणीचा पंप आणि त्याच्याच शेजारी जमिनीवर बियाण्याचं पोतं. बरोबर ना? माझ्याकडंही असंच होतं. मागच्या वर्षी पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठवड्यानं मोजले तर उगवलेले फक्त 41. पोतं जमिनीला टेकलेलं, खालून ओल चढलेली. बियाणं विकत घ्यावं लागलं. त्यासाठी गटातून कर्ज घेतलं, त्याचे हप्ते अजून भरते आहे.

दुसरी गोष्ट सांगताना आजही अंगावर काटा येतो. उरलेलं तणनाशक आम्ही थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. 4 वर्षांच्या नातवानं ती बाटली उचलली. झाकण घट्ट होतं म्हणून लेकरू वाचलं. चूक आमचीच होती. त्याच आठवड्यात मी आणि सुनेनं मांडणी करायला घेतली.

काम सोपं आहे. दोन उभे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे झाली एक शिडी. अशा 3 शिड्या करा. उंची 6 फूट, रुंदी दीड फूट. त्या 3-3 फुटांवर उभ्या करा आणि आडव्या पट्ट्यांवर फळ्या टाका. अंतर यापेक्षा वाढवलं तर वजनानं फळी मधे वाकते. मागच्या बाजूनं एक तिरपी पट्टी मारायला विसरू नका, नाहीतर सगळी मांडणी डुलते. आम्ही आधी विसरलो होतो!

जुनी फळी वापरायची असेल तर ठोकून बघा. पोकळ आवाज आला की आत वाळवी आहे समजा, ती चुलीत घाला. नुसत्या खिळ्यांपेक्षा स्क्रू जास्त धरतात. पायांखाली विटा किंवा फरशीचे तुकडे ठेवा, लाकूड मातीला टेकू देऊ नका. भिंतीपासून वीतभर जागा सोडा, हवा खेळती राहते. वरचा भाग तारेनं शेडच्या खांबाला बांधा, म्हणजे पोरं चढली तरी मांडणी अंगावर येणार नाही.

आता काय कुठं ठेवायचं? जड ते खाली, हलकं ते वर. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून फूटभर उंच, तिच्यावर बियाणं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. पोत्यावर पोती रचली की खालचा दाणा दबतो, पोतं आपटलं तरी उगवण कमी होते. म्हणून पोतं अलगद ठेवा, त्यावर दुसरं काही टाकू नका. खत ओल ओढतं, ते बियाण्यापासून लांब ठेवा.

आणि औषध या मांडणीवर ठेवायचंच नाही. त्याला वेगळी पेटी, वेगळा कोपरा आणि कुलूप. औषध त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्या, चिठ्ठी काढू नका. किल्ली मोठ्या माणसाकडं.

आमच्या फळ्या घरच्याच होत्या. खर्च आला तो स्क्रूंचा आणि कुलपाचा, आणि दोघींचा एक दिवस गेला. यंदा 100 दाण्यांपैकी 78 उगवले. 70 च्या वर उगवण असली की बियाणं पेरणीला चालतं. यंदा बियाण्यासाठी कर्ज घ्यावं लागलं नाही.

एकटीला फळ्या धरायला जमत नाही, म्हणून माझं एक म्हणणं आहे. पाच जणींनी मिळून दर रविवारी एकीच्या घरी काम करावं. पाच रविवारांत पाच शेडी होतील. पण कुलपाला रविवारची वाट बघू नका. आज घरी गेल्यावर आधी ती बाटली शोधा.