काच थोडी खाली ठेवा

आमच्या भिवंडीत गोदामांबाहेर ट्रकांच्या रांगा लागतात. केबिन हेच ड्रायव्हरचं घर. अंथरूण, डबा, ५ किलोचा गॅस सिलिंडर. इथं थंडी ती कसली! पण हाच ट्रक माल घेऊन काश्मीरला गेला, की चहाची शेगडी रात्रीची ऊब होते.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा तिकडे असेच काचा बंद करून, शेगडी पेटती ठेवून झोपले. क्लीनरचं डोकं जड झालं, त्यानं धडपडत दार उघडलं, म्हणून दोघं वाचले. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला ना रंग, ना वास.

‘‘मग विजेचा हीटर?’’ मी विचारलं. चाचा हसले. १००० वॉटचा हीटर २४ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअरहून जास्त ओढणार. सकाळी गाडी सुरू कशी व्हायची?

आता ते शेगडी विझवून दोन रजया घेतात. निघताना चाची डब्याबरोबर एवढंच बजावते, ‘‘काच थोडी खाली ठेवा.’’