वीजबिल आणि आपले हक्क
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



मुंबई उपनगरात टाटा की अदानी, अशी वीज कंपनी निवडता येते. आपल्या सावद्यात महावितरण एकच. दुकान बदलायची सोय नाही, म्हणून कायदा माहीत हवा.

बिल अवाच्या सवा आलं तर घाबरू नका. वीज कायदा २००३, कलम ५६ बघा. थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रकमेबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती 'हरकत राखून' भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

तक्रार लेखीच द्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. तिथे आपली बाजू आपल्याला मांडता येते.

बँकेत आयुष्य गेलं. तोंडी बोलणं विरून जातं, शिक्क्याची पोच टिकते. मे महिन्यात पंखा बंद पडला तर आपल्या खान्देशात म्हाताऱ्या माणसाचे काय हाल होतात, ते सांगायला नको. शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींचं बिलही जरा वाचून द्या.