चित्रफितीवरील दप्तर



दप्तर ही प्रशासनाची स्मरणशक्ती होय. जमिनीचा उतारा असो, जन्ममृत्यूची नोंद असो वा शाळेचा दाखला असो. मूळ नोंद नाहीशी झाली, तर सामान्य माणसाचा हक्कच धोक्यात येतो. ही दप्तरे आता संगणकात जात असल्याने त्यांच्या दुसऱ्या प्रतीचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. या बाबतीत परदेशातील चित्रफितीचा अनुभव उद्बोधक ठरावा.

व्हीएचएस चित्रफीत १९७६ साली जपानमध्ये विक्रीस आली आणि काही वर्षांतच जगभर घरोघरी पोहोचली. संगणकातील माहितीची प्रत ठेवण्याची खास साधने त्या काळी महाग होती. म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्व्हस कंपनीने घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरचाच त्यासाठी उपयोग केला. पुढे १९९० नंतरच्या दशकात मॉस्कोजवळील झेलेनोग्राद येथे तयार झालेले 'अर्विद' हे कार्ड रशियात लोकप्रिय झाले. ते संगणकात बसवून तारेने रेकॉर्डरला जोडीत. माहितीतील शून्य आणि एक हे अंक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने फितीवर उमटत. सेकंदाला सुमारे २०० किलोबाइट या गतीने तीन तासांच्या एका फितीवर सुमारे २ गिगाबाइट माहिती मावत असे.

मात्र फितीवर धूळ बसते, सुरकुती पडते. लग्नसमारंभाच्या चित्रणात क्षणभर पांढरी रेघ चमकली, तर डोळा ती खपवून घेतो; हिशेबात एक अंक चुकला, तर हिशेबच खोटा ठरतो. यावर उपाय म्हणून अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेली पद्धत 'अर्विद'मध्ये वापरण्यात आली. गणिताचा ताळा पाहावा, त्याप्रमाणे माहितीसोबत तपासणीचे अंक नोंदवावयाचे आणि किरकोळ चूक यंत्रानेच शोधून दुरुस्त करावयाची, असे तिचे स्वरूप आहे.

चुकीवर उपाय सापडला, पण काळावर सापडला नाही. हे कार्ड ज्या खाचेत बसे, ती खाच पुढील संगणकांतून नाहीशी झाली. जुलै २०१६ मध्ये जपानमधील फुनाई कंपनीने व्हीएचएस रेकॉर्डरचे उत्पादन बंद केले. फीत कपाटात सुखरूप असली, तरी ती वाचणारे यंत्र नसेल तर ती मुकीच राहते.

या अनुभवाचा बोध स्पष्ट आहे. दुसरी प्रत मूळ दप्तराच्या खोलीत न ठेवता अन्यत्र ठेवावी. ती ठराविक मुदतीने प्रत्यक्ष वाचून पाहावी आणि तपासणीची तारीख नोंदवहीत लिहावी. वाचणारे साधन कालबाह्य होण्यापूर्वीच माहिती नव्या साधनावर उतरवून घ्यावी. प्रत कपाटात आहे एवढ्यावर निर्धास्त राहणे योग्य नव्हे. गरजेच्या दिवशी ती वाचता आली, तरच नागरिकाचा हक्क शाबूत राहील.