शब्दाचा धनी कोण?

(‘कृत्रिम बुद्धिमत्ता, नवमाध्यमे आणि समाजजीवन’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रत्येक वृत्तपत्रात कोठेतरी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छपाई कोठे झाली, हे त्या ओळीत लिहिलेले असते. वाचकाची नजर तिच्यावर सहसा जात नाही. इंग्रज सरकारने १८६७च्या कायद्याने ही ओळ सक्तीची केली, कारण प्रसंग पडल्यास कोणाला पकडायचे हे सरकारला ठाऊक असावे लागते. हेतू दडपशाहीचा होता. परंतु त्यातून एक संस्कार रुजला. छापलेल्या शब्दाला धनी असतो आणि त्या शब्दाची किंमत मोजण्याची तयारी धन्याला ठेवावी लागते, हा तो संस्कार. ‘केसरी’च्या अग्रलेखांखाली लेखकाचे नाव नसे. तरीही १९०८ साली त्यातील लेखांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा लोकमान्यांनी जबाबदारी नाकारण्याचा मार्ग पत्करला नाही. शब्दांची किंमत म्हणून त्यांनी मंडालेचा सहा वर्षांचा कारावास भोगला. १८६७चा तो कायदा आता राहिला नाही; १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. परंतु छापील शब्दाला उत्तरदायी माणूस हवा, हे तत्त्व नव्या कायद्यानेही सोडलेले नाही.

आज समाजाचे मत घडवणारा बहुतांश मजकूर मात्र या ओळीवाचून घरात येतो. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संदेशाला मुद्रक नाही, प्रकाशक नाही, संपादक तर नाहीच. यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. पूर्वी निनावी पत्रक छापायलाही कोणीतरी हाताने लिहावे लागे. आता लिहिणारे यंत्र, बोलणारे यंत्र आणि चेहरा हलवणारेही यंत्रच! एखाद्या व्यक्तीच्या आवाजाचा छोटासा नमुना मिळाला, तरी त्या आवाजात हवे ते वाक्य वदवून घेता येते. भाषा जुळवणारी यंत्रे अफाट मजकुरावर शिकवलेली असतात आणि पुढचा शब्द कोणता संभवतो, याचा अंदाज बांधत वाक्य रचतात. अशा यंत्राचे वाक्य घडीव असते, ओघवते असते. ते खरे असेलच याची हमी मात्र यंत्र देत नाही.

राजकारणात याचा शिरकाव कसा झाला, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्ली विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी यांच्या चित्रफिती फिरल्या. मूळ भाषण हिंदीत होते. फितींमध्ये ते हरयाणवी आणि इंग्रजी बोलताना दिसत होते. ओठांची हालचाल यंत्राने जुळवली होती. या फिती सुमारे ५,८०० व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोहोचल्या, असे पक्षाच्या वतीनेच सांगण्यात आले. हेतू मतदाराशी त्याच्या बोलीत बोलण्याचा होता, असे म्हणता येईल. तथापि नेता आपली बोली बोलतो असे ज्याला वाटले, त्या मतदाराला खरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. हा प्रश्न पक्षापक्षांचा नाही. तमिळनाडूत २०२४ साली द्रमुकच्या नेत्याच्या कार्यक्रमात दिवंगत करुणानिधी पडद्यावर ‘बोलले’. पाकिस्तानात डिसेंबर २०२३ मध्ये तुरुंगातील इम्रान खान यांचे भाषण यंत्राने घडवलेल्या आवाजात ऐकवले गेले. सोय दिसली की ती वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो.

सोयीकडून घाताकडे जायला वेळ लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाला दोन दिवस उरले असताना एक ध्वनिफीत बाहेर आली. एका पक्षाचा नेता आणि एक महिला पत्रकार मतदानात गैरप्रकार करण्याविषयी बोलत आहेत, असे तीत ऐकू येत होते. दोघांनीही तत्काळ इन्कार केला. परंतु तेथे मतदानापूर्वी प्रचारबंदीचा काळ असतो. त्यामुळे खुलासा धडपणे पोहोचवणेही अवघड झाले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना दूरध्वनी आले. अध्यक्ष बायडेन यांच्यासारखा आवाज त्यांना प्राथमिक फेरीत मतदान करू नका, असे सुचवत होता. रुमानियात तर ६ डिसेंबर २०२४ रोजी घटनात्मक न्यायालयाने अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. टिकटॉकवरील प्रचाराविषयी गुप्तचर यंत्रणांनी दिलेली माहिती त्यामागे होती. महाराष्ट्रातही नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर काही ध्वनिफिती फिरल्या. ज्यांचे म्हणून ते आवाज सांगितले गेले, त्यांनी इन्कार केला. पण पडताळणी गावोगावच्या मतदारापर्यंत पोहोचण्याआधीच मतदानाची वेळ आली. असत्याला काही तासांचेच आयुष्य पुरते, ते तास नेमके निवडले म्हणजे झाले.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. सगळेच बनावट असू शकते अशी भावना पसरली की खरोखर पकडला गेलेला माणूसही ‘हे यंत्राचे काम आहे’ असे म्हणून मोकळा होतो. खोट्यावर विश्वास बसणे हा एक रोग, आणि खऱ्यावरचाही विश्वास उडणे हा त्याहून मोठा. लोकशाही परस्परविश्वासावर उभी असते. पुरावा दाखवूनही कोणाचे मत बदलत नसेल, तर वाद संपवण्याला बळजबरीवाचून दुसरा मार्ग उरत नाही.

मात्र सारा दोष यंत्राच्या माथी मारून सुटका होणार नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील तीन अभ्यासकांनी ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. त्यांचा निबंध २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे धाडली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. आणि हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे पडत नव्हता, तो माणसांमुळे पडत होता. खोटे नवलाईचे असते, म्हणून हात शिवशिवतो.

या शिवशिवत्या हाताचे मोल महाराष्ट्राने चुकवले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर गुजराण करणारे. बहुतेक मंगळवेढा परिसरातले. त्या वर्षी देशभर अशाच अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. त्यांतील एक चित्रफीत तर कराचीतील जनजागृतीच्या जाहिरातीचा शेवट कापून बनवलेली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. चोर फिरत असल्याच्या अफवांनी तो परिसर आधीच धास्तावलेला होता. ज्या भूमीत दारी आलेल्या गोसाव्याला मूठभर पीठ घातल्यावाचून परत पाठवत नसत, त्या भूमीत ही माणसे मेली. या दोन्ही ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरजही पडली नाही. ज्यांनी ते संदेश पुढे धाडले, त्यांतील बहुतेकांना आपण मुलांचे रक्षण करीत आहोत, असेच वाटत असणार. उद्या असाच संदेश ओळखीच्या आवाजात, गावच्या सरपंचाच्या चेहऱ्यानिशी आला, तर काय होईल याचा विचार प्रत्येक घराने करावा.

या तंत्राला पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नव्हे. १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीतील काशी तमिळ संगममध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ या शासकीय प्रकल्पाच्या साहाय्याने तमिळ श्रोत्यांनी त्याच क्षणी आपल्या भाषेत ऐकले. तेथे यंत्र भाषांतर करीत आहे, हे श्रोत्यांना आधी सांगितले होते. दिल्लीतील चित्रफीत आणि काशीतील भाषण यांत तंत्राचा फरक थोडा. सांगून करणे आणि न सांगता करणे, हा फरक मोठा.

कायदा आपल्या गतीने येतो. निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी राजकीय पक्षांना बनावट फिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटवण्यास सांगितले. तोवर लोकसभेच्या मतदानाचे दोन टप्पे उरकले होते. व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश धाडण्याची मर्यादा भारतात घातली, तीही राईनपाड्यानंतरच्या जुलैमध्ये. म्हणून मधल्या काळातील राखण समाजालाच करावी लागते.

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. वर्षानुवर्षे घरोघर जाऊन जोडलेली माणसे, हीच कार्यकर्त्याची पुंजी. त्याच्याकडून आलेला संदेश लोक उघडतात, कारण खाली त्याचे नाव दिसते. म्हणजे व्यवहारात तोच त्या मजकुराचा प्रकाशक असतो. त्याने एकदा खोटे धाडले आणि ते उघडे पडले, तर पुढच्या वेळी त्याचे खरेही कोणी ऐकणार नाही. मजकूर विरोधकाची फजिती करणारा असेल, तर दुप्पट सावध राहावे; मनाजोगते असत्य तपासण्याची इच्छाच होत नसते. समोरच्या घरी जाऊन, त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून जे सांगण्याची तयारी नाही, ते धाडू नये. चूक झालीच, तर ज्या गटात धाडले त्याच गटात दुरुस्ती धाडावी.

घरातही थोडी शिस्त हवी. मुलाच्या आवाजात पैशांसाठी दूरध्वनी आला, तर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण फोन करावा. मुले अभ्यासासाठी यंत्राला प्रश्न विचारतात, त्यात गैर काही नाही; मात्र मिळालेले उत्तर पुस्तकाशी ताडून पाहण्याची सवय आई-वडिलांनी लावावी. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, त्या आठवड्यात आलेल्या संदेशांपैकी एक घेऊन तो कोठून आला, कोणी लिहिला, कोणत्या तारखेचा, याचा माग सर्वांनी मिळून काढावा. अर्धा तास पुरे. या आठवड्यापासूनच प्रारंभ करता येईल.