भूमीखालच्या पाण्याचा शोध

(डोईफोडिया, जिल्हा बऱ्हाणपूर येथील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहिरीला पाणी लागले की खणणाऱ्याचे काम संपते. परंतु हे पाणी आले कोठून, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. तहान भागल्यावरही हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याच्यापासून विज्ञानाचा आरंभ होतो. मनुष्याला निसर्गाच्या दारापर्यंत गरज आणते. आत घेऊन जाते ती जिज्ञासा.

याची साक्ष याच जिल्ह्यात आहे. मोगल अमदानीत बऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या कारभाराचे प्रमुख ठाणे होते. तापी शहराच्या कडेने वाहत असली, तरी लष्कर आणि रयत यांना बारमाही, निर्धास्त पाणी हवे होते. सुभेदार अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 मध्ये, त्यासाठी कुंडी भंडारा उभा राहिला. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली, असे परंपरेने सांगितले जाते. ‘जमिनीचे थर’ या अर्थाच्या अरबी शब्दांशी हे नाव जुळते, हेही लक्षणीय आहे.

या जाणकाराने नदीऐवजी सातपुड्याकडे दृष्टी वळवली. डोंगरावर पडलेला पाऊस पायथ्याशी मुरतो आणि जमिनीखालून तापीच्या दिशेने सरकतो, हे त्याने हेरले. हे पाझर भूमिगत बोगद्यात अडवून, बोगद्याला बेताचा उतार देऊन, पाणी शहराकडे आणले गेले. बोगद्याच्या मार्गावर शंभराहून अधिक उभ्या कुंड्या असून त्यांतून हवा खेळते आणि सफाईसाठी खाली उतरता येते. मोट नाही, रहाट नाही. उताराच्या जोरावरच पाणी वाहते. इराणातील कनात पद्धतीशी या रचनेचे नाते उघड आहे. लोकांच्या तोंडी ‘खुनी भंडारा’ झालेल्या या वास्तूचा समावेश 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

मात्र कुंडी भंडारा बांधला गेला त्या काळी झऱ्यांचे मूळ कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. समुद्राचे पाणी भूगर्भातील वाटांनी डोंगरात चढते आणि तेथून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, असे युरोपातील अनेकांचे मत होते. नुसत्या पावसाने नद्या भरणे त्यांना अशक्य वाटे. 1674 मध्ये पियेर पेरो या फ्रेंच गृहस्थाने या मताची परीक्षा केली. हा पूर्वी सरकारी वसुलीच्या हिशेबातला अधिकारी. त्याने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात पडणारा पाऊस आणि नदीतून वर्षभरात वाहून जाणारे पाणी यांचा ताळेबंद मांडला. पाऊस प्रवाहाच्या सुमारे सहापट निघाला. नदी पावसावरच पोसली जाते, या मताला मोजमापाचा आधार मिळाला. पुढे एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने तापवलेल्या पाण्याची घट तोलून समुद्राच्या बाष्पीभवनाचा अंदाज केला आणि 1687 मध्ये तो प्रसिद्ध केला. 1856 मध्ये हेन्री दार्सी या अभियंत्याने वाळूने भरलेल्या नळातून पाणी सोडून ते किती वेगाने झिरपते, याचा नियम मांडला. भूजलाचे आजचे गणित याच नियमावर उभे आहे.

पेरोच्या घरी पाण्याचा तुटवडा होता म्हणून त्याने हिशेब मांडला नव्हता. ऐकीव मताने त्याचे समाधान होत नव्हते, इतकेच. बऱ्हाणपूरच्या जाणकाराने निरीक्षणाने जे साधले, त्याचे कारण पेरो आणि दार्सी यांनी मोजून दाखवले. निरीक्षण, शंका, मोजमाप आणि पुन्हा शंका, हीच या वाटचालीची पावले होत.

आज ही वाट पुन्हा गावाच्या वेशीपाशी आली आहे. पंपाने पाणी उपसण्याचे सामर्थ्य हाती आले. पाणी किती मुरते, हे समजून घेण्याचा उद्योग मात्र मागे पडला. बऱ्हाणपूरपासून रावेर-यावलपर्यंत केळीच्या बागा भूजलावर उभ्या आहेत आणि उपशाचा ताण वाढला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व भरड वाळू यांचा जो पट्टा आहे, त्यात पाणी झपाट्याने मुरते. त्याचाच उपयोग करून तापी खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर पुनर्भरण करण्यासाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी मे 2025 मध्ये करार केला. खानखानांच्या काळी जे ओळखले गेले, त्याच निसर्गक्रमावर ही योजना आधारलेली आहे.

तथापि, योजना शासनाची असली तरी विहीर गावाची असते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. प्रत्येक गावाची प्रत्येक विहीर त्यात येणे शक्य नाही. ही उणीव शाळा भरून काढू शकते. एक पर्जन्यमापक, गाठी मारलेली दोरी आणि एक वही एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडले, हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः करावा. उन्हाळ्याअखेर व पावसाळ्यानंतर वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली विहिरीची पातळी मोजावी, आणि दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. पाच-सात वर्षांची अशी नोंद हाती असलेल्या गावाला पाणी कोठे अडवावे, कोणते पीक घ्यावे आणि उपसा कोठे थांबवावा, याचा निर्णय अंदाजावर सोपवावा लागणार नाही.

पाणी कोठून येते, असे एखाद्या मुलाने विचारले तर “देवाने दिले” किंवा “सरकारने दिले” एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. त्याच्या हाती दोरी द्यावी आणि त्याला विहिरीपाशी घेऊन जावे.